कर्नलच्या प्रिंटकेमधे स्वतःचं %पी अक्षर वाढवलं आणि आउटपुट गंडतंय? असं शोधा

हा प्रॉब्लेम परत परत समोर येतो म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कोणीतरी आपल्या ड्रायव्हरसाठी लिनक्स कर्नलच्या प्रिंटएफ कोडमधे (कर्नलचं लॉग छापणारं फंक्शन प्रिंटके हाच कोड वापरतं) %पी च्या, म्हणजे पॉइंटर छापायच्या खुणेच्या, पुढे स्वतःचं एक अक्षर वाढवतं, म्हणजे आपलं स्ट्रक्चर दर वेळी चार-पाच फील्ड सुटे न लिहिता एका फटक्यात नीट छापता यावं. सुरुवातीला मस्त चालतं, आणि मग कधीतरी नावाच्या जागी भलताच हेक्स आकडा यायला लागतो, नाहीतर ओळ अर्धीच येते, नाहीतर कंसात ईफॉल्ट येतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लॉग छापता छापताच मशीन अडकतं. असं झालं की बहुतेक जण आपल्या फंक्शनमधलं लॉजिक तपासत बसतात, आणि तिथे शक्यतो काही सापडत नाही कारण लॉजिक तर दहा ओळींचं असतं. चूक असते ती व्हीएसएनप्रिंटएफ(), म्हणजे मजकूर रचणारं मूळ फंक्शन, आपल्याकडून जे गृहीत धरतं त्यात, आणि ते गृहीतक कंपायलर तपासत नाही.

उदाहरणासाठी एकच गोष्ट धरून चालू. आपल्याकडे स्ट्रक्ट चॅनल आहे, त्यात आयडी, नाव आणि फ्लॅग आहेत, आणि आपल्या ट्रीमधे, म्हणजे कर्नल सोर्सच्या आपल्या प्रतीत, आपण त्यासाठी %पीक्यू घेतलंय, क्यू स्मॉल. पुढे जिथे जिथे अक्षर कॅपिटल की स्मॉल याने फरक पडतो तिथे तसं लिहिलंय, नीट बघून वाचा, कारण या कोडमधे कॅपिटल एस आणि स्मॉल एस वेगवेगळं छापतात.

आधी आत काय होतं ते पटकन. सगळं काम लिब फोल्डरमधल्या व्हीएसप्रिंटएफ डॉट सी या एकाच फाइलमधे होतं. प्रिंटके, एसएनप्रिंटएफ, सेक_प्रिंटएफ, डेव्ह_इन्फो, कुणालाही बोलवा, शेवटी गाडी व्हीएसएनप्रिंटएफ() कडेच येते. ते फॉरमॅट स्ट्रिंग वाचत जातं, %पी दिसलं की पॉइंटर() नावाच्या फंक्शनला बोलावतं, आणि ते फंक्शन पी च्या पुढचं अक्षर बघून स्विच करतं: कॅपिटल एस असेल तर सिम्बॉलचं नाव ऑफसेटसकट, कॅपिटल एम असेल तर मॅक अॅड्रेस, कॅपिटल आय आणि ४ असेल तर आयपी, कॅपिटल यू असेल तर यूयूआयडी, स्मॉल डी असेल तर डेन्ट्रीचं (फाइलच्या नावाच्या नोंदीचं) नाव, स्मॉल ई असेल तर एरर पॉइंटरमधली एरर. यातली कुठलीच केस लागली नाही तर डिफॉल्ट, म्हणजे साधं %पी, म्हणजे हॅश केलेला पत्ता.

हे सगळं पी च्याच मागे का लावलंय, तर जीसीसी या सी कंपायलरमुळे. २००८ मधे लिनस टोरवाल्ड्सने सिम्बॉलची नावं छापायला कॅपिटल एस आणि कॅपिटल एफ अशी अक्षरं घातली तेव्हापासून ही पद्धत पडली. जीसीसी फॉरमॅट स्ट्रिंग तपासतं तेव्हा त्याच्या दृष्टीने %पी तिथेच संपलं, पुढचं एस हा साधा मजकूर. त्यामुळे वॉर्निंग येत नाही आणि कंपायलरला हात न लावता हवी तेवढी अक्षरं वाढवता येतात. फ्रीबीएसडीच्या कर्नलने वेगळा रस्ता धरला, तिथे %बी आणि कॅपिटल %डी अशी वेगळीच अक्षरं आहेत आणि ती ओळखण्यासाठी कंपायलरलाच वेगळा फ्लॅग दिला. जीलिबसी या युझरस्पेसच्या सी लायब्ररीमधे तर चालू प्रोग्राममधून नवीन अक्षर रजिस्टर करता येतं. लिनक्स कर्नलमधे तशी सोय नाही, मॉड्यूलमधून अक्षर वाढवता येत नाही, मूळ फाइलच बदलावी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पहिल्याच लक्षणात ती लागणार आहे.

नावाच्या जागी हेक्स आकडा येतोय

याचा अर्थ एकच, तुमच्या केसपर्यंत कोड पोचलाच नाही, डिफॉल्टमधे गेला. कर्नल ४.१५ पासून साधं %पी खरा पत्ता दाखवत नाही, सिपहॅश हे हॅश फंक्शन लावून आलेला आकडा दाखवतं, आणि ६४ बिटच्या मशीनवर त्यातले वरचे ३२ बिट शून्य असतात. म्हणजे आठ शून्यं आणि पुढे आठ हेक्स अंक असं काही दिसलं तर तो तुमच्या स्ट्रक्चरमधला कचरा नाहीये, तो हॅश आहे, आणि मेमरी करप्शन शोधायला पळायची गरज नाही. बूटच्या अगदी सुरुवातीला हॅशची किल्ली तयार झालेली नसते तेव्हा त्याच जागी कंसात अंडरस्कोअर लावलेलं पीटीआरव्हॅल येतं, तेही तेच.

आता केसपर्यंत का पोचलं नाही. सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण असं की मॉड्यूल नवीन आहे आणि बूट झालेली कर्नल इमेज जुनी आहे. व्हीएसप्रिंटएफ चा कोड मूळ इमेजमधे असतो. तुम्ही फाइल बदलली, मॉड्यूल बिल्ड केलं, आरएममॉड आणि इन्समॉड केलं, तरी अक्षर समजून घेणारा कोड अजून आधीचाच चालू आहे, आणि तो अनोळखी क्यू बघून तक्रारही करत नाही, गुपचूप हॅश छापतो. युनेमला -व्ही देऊन बिल्डची वेळ बघा, ती तुमच्या बदलाच्या आधीची असेल तर बाकी काही शोधू नका, नवीन इमेजने बूट करा.

दुसरं कारण उलटं, कर्नल पुढे गेला आणि अक्षर काढून टाकलं गेलं. कॅपिटल एफ आणि स्मॉल एफ, फंक्शनचं नाव छापणारे, ५.५ मधे काढले, त्यांच्या जागी कॅपिटल एस आणि स्मॉल एस वापरायचं. जुन्या ड्रायव्हरमधे ते राहिले असतील तर बिल्ड बिनतक्रार होतो आणि लॉगमधे फंक्शनच्या नावाऐवजी कॅपिटल एफ असेल तर आकडा येतो, स्मॉल एफ असेल तर कंसात %पीएफ? येतं. त्यात स्मॉल एफ आता %पीएफडब्ल्यू म्हणून फर्मवेअर नोडसाठी परत वापरात आहे, तेव्हा जुनं अक्षर नव्या अर्थाने वाचलं जाण्याचीही सोय झालेली आहे. म्हणूनच प्रायव्हेट अक्षर निवडताना आज मोकळं आहे म्हणून उद्या मोकळंच राहील असं धरू नका. मूळ ट्रीमधे तेच अक्षर कोणी घेतलं तर स्विचमधे एकाच अक्षराच्या दोन केस होतात आणि निदान कंपायलर तरी थांबवतो, पण तुमचं मॉड्यूल ट्रीच्या बाहेर असेल आणि कर्नलमधे तुमचा पॅच नसेल तर थांबवणारं कोणी नाही.

खात्री करायची असेल तर नो_हॅश_पॉइंटर्स हा बूट पॅरामीटर द्या, ५.१२ पासून आहे. तो दिल्यावर त्या आकड्याच्या जागी खरा पत्ता दिसायला लागला की नक्की झालं, तुमचं क्यू डिफॉल्टमधे जातंय. फक्त हे टेस्टच्या मशीनवर करा, लोकांच्या हातातल्या मशीनवर हा पॅरामीटर ठेवणं म्हणजे कर्नलचे पत्ते लॉग वाचणाऱ्या कुणालाही देणं.

मजकुरातली अक्षरं गायब होतायत

हे विचित्र वाटतं पण सरळ आहे. पॉइंटर() चं काम झालं की व्हीएसएनप्रिंटएफ() पी च्या पुढची सगळी अक्षरं आणि आकडे, जोपर्यंत अक्षर किंवा आकडा मिळतोय तोपर्यंत, ओलांडून पुढे जातं. कुठलं अक्षर एक्स्टेंशनचं (म्हणजे %पी ला जोडलेलं) आणि कुठलं तुमच्या मजकुराचं हे त्याला कळायचा मार्गच नाही. म्हणून %पीक्यू ला लागून "रेडी" लिहिलंत तर ते रेडी कधीच छापलं जाणार नाही.

हे असं कोण लिहील असं वाटेल, पण कोणी मुद्दाम लिहीत नाही, मॅक्रोने होतं. सी मधे शेजारी ठेवलेल्या दोन स्ट्रिंग आपोआप जोडल्या जातात. समजा एका मॅक्रोमधे %पीआय४ आहे, कॅपिटल आय, आणि त्याच्या पुढे दुसऱ्याने लावलेली स्ट्रिंग "हॉप=%डी" अशी एच ने सुरू होते, मधे स्पेस नाही. जोडल्यावर पॉइंटर() ला दिसतं आय, ४, एच. आणि एच हा आय४ चा स्वतःचा मॉडिफायर आहे, म्हणजे होस्ट बाइट ऑर्डर. तर होतं काय की हॉप हा शब्द गिळला जातो आणि वर लिटल एंडियन मशीनवर आयपी उलटा छापला जातो, शेवटचा आकडा पहिला. मग माणूस नेटवर्क कोडमधे बाइट ऑर्डरची चूक शोधत फिरतो आणि तिथे चूक नसतेच. तेव्हा %पी च्या कुठल्याही अक्षरानंतर स्पेस, स्वल्पविराम, कोलन, कंस, काहीतरी असं हवंच जे अक्षरही नाही आणि आकडाही नाही. आपल्या मॅक्रोमधे एक्स्टेंशन शेवटी येत असेल तर मॅक्रो कंसाने बंद करायची सवय लावून घ्या, कटकटच संपते.

कंसात ईफॉल्ट, किंवा थेट ऊप्स

पॉइंटर उघडून आत बघण्याआधी चेक_पॉइंटर() बोलवायचं असतं. नल असेल तर ते कंसात नल छापतं, आणि पत्ता पहिल्या पेजच्या आतला असेल किंवा एरर पॉइंटर असेल तर कंसात ईफॉल्ट छापतं. एवढंच. बाकी कुठलाही चुकीचा पत्ता त्याला पकडता येत नाही, तो मोकळी झालेली मेमरी असो की दुसऱ्याच स्ट्रक्चरचा पत्ता असो. आपल्या नवीन फंक्शनमधे हा चेक नसेल तर नल आल्यावर प्रिंटकेच ऊप्स (कर्नलमधला क्रॅश) होतो, आणि एरर छापणारी ओळच मशीन पाडते, म्हणून ही पहिली ओळ विसरू नका.

ईफॉल्ट दिसलं तर शक्यतो कोणीतरी फंक्शनने परत दिलेला एरर पॉइंटर न तपासता छापायला दिलाय. तिथे %पीई वापरा, त्यासाठीच आहे. हातात पॉइंटरऐवजी साधा एररचा आकडा असेल तर त्याला एरर_पीटीआर() मधे घालून द्या, कॉन्फिगमधे एररची नावं चालू असतील तर मायनस ईनोमेम असं थेट नाव येतं.

याहून वाईट म्हणजे चुकीच्या टाइपचा पॉइंटर. जीसीसी इथे अर्धंच काम करतं. %पीआय४ ला पत्त्याऐवजी आकडाच दिलात तर ते ओरडतं, कारण आकडा हा पॉइंटर नाही. पण चॅनलच्या पत्त्याऐवजी त्या पॉइंटरचाच पत्ता दिलात, म्हणजे एक अँपरसँड जास्त पडला, तर जीसीसीच्या लेखी दोन्ही पॉइंटरच, ते गप्प राहतं आणि तुमचं फंक्शन स्टॅकवरची भलतीच मेमरी चॅनल समजून वाचतं. कधी कचरा येतो, कधी ऊप्स, आणि कधी योगायोगाने बरोबर वाटणारं काहीतरी, ते तर सगळ्यात घातक. असाच प्रकार %पीए चा आहे, तो फिजिकल अॅड्रेस रेफरन्सने घेतो कारण ३२ बिट मशीनवरही तो टाइप ६४ बिटचा असू शकतो, आणि डीएमए अॅड्रेससाठी वेगळा %पीएडी आहे. दोन्हींचे आकार जिथे सारखे तिथे चूक लपते, वेगळे असलेल्या बोर्डवर गेलं की आकडा बिघडतो.

आपल्या अक्षरासाठी यावर एक साधा आणि पक्का उपाय आहे, आणि मला वाटतं प्रायव्हेट एक्स्टेंशन ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो केलाच पाहिजे: हेडरमधे एक छोटं स्टॅटिक इनलाइन फंक्शन ठेवा जे कॉन्स्ट स्ट्रक्ट चॅनल चा पॉइंटर घेतं आणि तोच कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर म्हणून परत देतं, दुसरं काही करत नाही. प्रिंटकेला आर्ग्युमेंट देताना नेहमी त्यातून द्या. फॉरमॅट स्ट्रिंग तपासताना जे कंपायलरला कळत नव्हतं ते आता फंक्शनच्या आर्ग्युमेंटवर त्याला कळतं आणि जास्तीचा अँपरसँड बिल्डच्या वेळीच सापडतो. मशीन कोडमधे याचा काही खर्च नाही.

ओळ अर्धी येते, किंवा रिटर्न व्हॅल्यू वेगळी असल्याची वॉर्निंग येते

इथे जरा थांबून वाचा, कारण प्रायव्हेट एक्स्टेंशनमधल्या चुका सगळ्यात जास्त इथेच असतात आणि त्या महिनोन्महिने लपून राहतात.

पॉइंटर() मधल्या प्रत्येक फंक्शनला बफ आणि एंड असे दोन पॉइंटर मिळतात. बफ म्हणजे पुढचं अक्षर जिथे लिहायचं ती जागा, एंड म्हणजे बफरची हद्द. नियम असा की हद्दीच्या आत असेल तरच लिहायचं, पण बफ मात्र लिहिलं किंवा नाही लिहिलं तरी पुढे सरकवायचाच. एक कोलन छापायचा तर असं:

    इफ (बफ < एंड)
        *बफ = ':';
    ++बफ;

तिसरी ओळ इफ च्या बाहेर आहे, ती आत गेली की सगळं बिघडलं. कारण शेवटी परत आलेल्या बफवरून व्हीएसएनप्रिंटएफ() सांगतं की पूर्ण मजकुराला किती जागा लागली असती, आणि अर्धं कर्नल त्या आकड्यावर विसंबून आहे. केएएसप्रिंटएफ() पहिल्यांदा नल बफर आणि शून्य साइज देऊन फक्त लांबी विचारतं, तेवढी मेमरी घेतं, आणि परत तोच मजकूर खरा छापतं. दोन्ही वेळच्या लांब्या जुळल्या नाहीत तर ते वॉर्निंग देतं की व्हीएसएनप्रिंटएफ ने वेगवेगळ्या रिटर्न व्हॅल्यू दिल्या, आणि सोबत फॉरमॅट स्ट्रिंगही दाखवतं. ही वॉर्निंग तुमच्या लॉगमधे असेल तर शोध संपला, त्या फॉरमॅटमधलं एक्स्टेंशन लांबी खोटी सांगतंय.

प्रिंटके स्वतःही हल्लीच्या कर्नलमधे असंच करतं. रिंग बफरमधे जागा राखून ठेवायची असते म्हणून आधी अवघ्या आठ बाइटच्या छोट्या बफरवर फॉरमॅट चालवून लांबी काढतं आणि मग राखलेल्या जागेत परत फॉरमॅट करतं. म्हणजे तुमचं फंक्शन एका प्रिंटकेला दोनदा चालतं, आणि पहिल्या वेळी जागा जवळपास नसतेच. पहिल्या फेरीत लांबी कमी सांगितलीत तर जागा कमी राखली जाते आणि दुसऱ्या फेरीत ओळीचा शेवट कापला जातो, बरेचदा शेवटचं नवी ओळ सुरू करणारं चिन्हही त्यात जातं. एसएनप्रिंटएफ ला मोठा बफर देऊन तपासलं तर सगळं बरोबर दिसतं आणि डीमेसेजमधे (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) मात्र तुटकं दिसतं, असा अनुभव येत असेल तर कारण हेच आहे.

लांबी खोटी होते ती बहुतेक वेळा चांगल्या सवयीतून. आपण इतर सगळीकडे एससीएनप्रिंटएफ() वापरा असं सांगतो कारण ते खरोखर किती लिहिलं ते परत देतं, आणि तेच इथे चालत नाही, इथे किती लिहिलं असतं ते हवं असतं. मग कोणी एसएनप्रिंटएफ() ला बफ आणि एंड वजा बफ देतं. बफ हद्दीच्या पुढे गेला की ही वजाबाकी ऋण होते, साइझ_टी मधे जाऊन प्रचंड मोठा आकडा होते, व्हीएसएनप्रिंटएफ() त्याला एकदाच वॉर्निंग देऊन शून्य परत देतं, आणि लांबी पुन्हा चुकली. थेट मेमकॉपी केली असेल तर मग लांबीचा प्रश्नच राहत नाही, दुसऱ्याच कुणाच्या मेमरीवर लिहिलं गेलं.

सोपा मार्ग दोन पायऱ्यांचा आहे. स्टॅकवर छोटा ठरलेल्या आकाराचा अॅरे घ्या, त्यात हवं ते रचा, तिथे एससीएनप्रिंटएफ() खुशाल वापरा कारण तो तुमचा स्वतःचा बफर आहे, आणि शेवटी तो अॅरे स्ट्रिंग_नोचेक() ला द्या, बफ, एंड आणि स्पेक (विड्थ, प्रिसिजन वगैरे ठेवणारं स्ट्रक्चर) सकट. हद्द, मोजणी, विड्थ, सगळं ते सांभाळतं. मूळ फाइलमधलं रिसोर्स_स्ट्रिंग() हे कॅपिटल आर साठीचं फंक्शन असंच लिहिलंय, त्याच्याकडे बघून आपलं लिहा. अॅरे मात्र लहानच ठेवा, कर्नलचा स्टॅक मर्यादित असतो आणि प्रिंटके बरेचदा आधीच खोल गेलेल्या कॉलमधून येतो.

स्पेकचंही दोन शब्दांत सांगतो. बाहेरून आलेला स्पेक, म्हणजे कोणी %२०पीक्यू लिहिलं त्यातला २०, तो आतल्या प्रत्येक तुकड्याला दिलात तर प्रत्येक तुकडा वीस जागांचा होतो. आतल्या तुकड्यांना फाइलमधेच असलेले डीफॉल्ट_स्ट्र_स्पेक आणि डीफॉल्ट_डेक_स्पेक वापरा आणि शेवटी एकदाच वायडन_स्ट्रिंग() लावा. स्वतःचा स्पेक शून्याने भरून बनवू नका, प्रिसिजन शून्य असेल तर स्ट्रिंगचं एकही अक्षर छापलं जात नाही. ते मायनस १ हवं. "माझं नाव रिकामंच का येतंय" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

मशीन अडकतं, किंवा लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं कर्नलचं टूल) ओरडतं

प्रिंटके कुठूनही बोलावता येतं हे त्याचं सगळ्यात मोठं मोल आहे: इंटरप्टमधून, एनएमआयमधून (न रोखता येणारा इंटरप्ट), कुठलंही स्पिनलॉक धरलेलं असताना, पॅनिकच्या मधे. तुमचं फंक्शन त्या सगळ्या ठिकाणी चालणार आहे. तेव्हा त्यात झोपणारं काही नको, केमॅलोक नको, म्युटेक्स तर नाहीच, आणि स्पिनलॉकसुद्धा नको. चॅनलचं नाव वाचताना चॅनलचं लॉक घेणं शहाणपणाचं वाटतं, पण ते लॉक धरूनच कोणीतरी %पीक्यू छापणार हे ठरलेलं आहे, आणि तिथे स्वतःशीच डेडलॉक. छापण्याची ओळ फक्त एररच्या रस्त्यावर असेल तर हे टेस्टिंगमधे दिसत नाही, खरी एरर आली की मशीन गप्प होतं आणि एरर काय होती तेही कळत नाही.

लॉक न घेता वाचायचं कसं, तर स्मॉल डी साठीचं डेन्ट्री_नेम() बघा. ते आरसीयूच्या (वाचणारे संपेपर्यंत मेमरी मोकळी न करण्याची कर्नलची पद्धत) रीड लॉकमधे जातं, जो नावाला लॉक असला तरी कोणासाठी थांबत नाही, पॉइंटर रीड_वन्स ने एकदाच वाचतं आणि नाव अक्षर अक्षर कॉपी करतं. त्याच वेळी कोणी नाव बदललं तर छापलेलं थोडं जुनं असेल, चालतं. पण हे जमण्यासाठी ऑब्जेक्ट आरसीयूने मोकळा होणारा हवा. तुमचा चॅनल साध्या केफ्रीने जात असेल तर जिवंत ठेवायची जबाबदारी बोलावणाऱ्याची, आणि ते कमेंटमधे स्पष्ट लिहा. दोन फेऱ्यांच्या मधे नावाची लांबी बदलू शकते हेही धरून चाला.

डीमेसेजमधे बरोबर, ट्रेसमधे चूक

ट्रेस_प्रिंटके, म्हणजे ट्रेस बफरमधे लिहिणारं फंक्शन, फॉरमॅट आणि आर्ग्युमेंट बायनरी रूपात साठवतं, पण जी एक्स्टेंशन पॉइंटर उघडून आत बघतात त्यांचा मजकूर ते साठवतानाच तयार करून ठेवतं, त्यामुळे तुमचं क्यू तिथे शक्यतो चालून जातं. ट्रेस इव्हेंटचं तसं नाही. त्यातला टीपी_प्रिंटके भाग कोणीतरी ट्रेस फाइल वाचतं तेव्हा चालतो, इव्हेंट घडून कितीही वेळ झालेला असेल, आणि तोपर्यंत चॅनल मोकळा झाला असेल तर पॉइंटर मेलेला. शिवाय पर्फ आणि ट्रेस-सीएमडी ही टूल फॉरमॅट स्ट्रिंग स्वतः युझरस्पेसमधे वाचतात, त्यांना तुमचं प्रायव्हेट अक्षर माहीत असण्याचं काही कारणच नाही. म्हणून ट्रेस इव्हेंटमधे %पीक्यू वापरूच नका, घडण्याच्या क्षणी आयडी, नाव, फ्लॅग इव्हेंटच्या रेकॉर्डमधे कॉपी करा आणि साध्या %डी, %एस ने छापा. बीपीएफच्या (कर्नलमधे चालणारे छोटे प्रोग्राम) प्रिंटके हेल्परला तर पी ची मोजकीच अक्षरं चालतात, बाकीच्यांना तो सरळ नकार देतो.

तपासायचं कसं

हाताने प्रिंटके टाकून डोळ्यांनी बघणं इथे पुरत नाही, वर सांगितलेल्या निम्म्या चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. कर्नलमधे प्रिंटएफची टेस्ट आहेच, आधी ती लिब मधे टेस्ट_प्रिंटएफ डॉट सी म्हणून होती, नव्या ट्रीमधे केयुनिट या कर्नलच्या टेस्ट फ्रेमवर्कवर आणलेली आहे. तुमच्या अक्षरासाठी तिच्यात चार ओळी वाढवा. ती प्रत्येक फॉरमॅट चार प्रकारे चालवते: भरपूर मोठ्या बफरवर, मुद्दाम थोड्या कमी पडणाऱ्या बफरवर, शून्य साइजवर, आणि केव्हीएएसप्रिंटएफ मधून. बफर आधी डॉलरच्या चिन्हांनी भरलेला असतो आणि हद्दीपलीकडचं एक जरी चिन्ह पुसलं गेलं तरी टेस्ट फेल. ओळ अर्धी येण्याच्या प्रकारातल्या चुका इथे लगेच सापडतात. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) चालू ठेवून चालवली तर मोकळ्या मेमरीचं वाचनही सापडतं. नल देऊन बघा, एरर पॉइंटर देऊन बघा, विड्थ देऊन बघा, रिकामं नाव असलेला चॅनल देऊन बघा.

चेकपॅच, म्हणजे पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट, तुमच्या अक्षराला चुकीचं एक्स्टेंशन म्हणेल, कारण मान्य अक्षरांची यादी त्या स्क्रिप्टमधेच लिहिलेली आहे. वॉर्निंग दाबून टाकण्यापेक्षा यादीत आपलं अक्षर घाला, म्हणजे दुसऱ्या कुणाची टायपिंगची चूक झाली तर ती अजूनही पकडली जाईल. डॉक्युमेंटेशन खालच्या कोअर-एपीआय मधे प्रिंटके-फॉरमॅट्स नावाची फाइल आहे, तिथेही दोन ओळी लिहा, पॉइंटर कुठल्या टाइपचा आणि कुठल्या परिस्थितीत जिवंत हवा ते.

आणि हे सगळं करण्याआधी अक्षर खरंच लागणार आहे का तेही बघा. मी तर म्हणेन एकाच ड्रायव्हरपुरतं असेल तर अक्षर घेऊच नका. बाइटच बघायचे असतील तर %*पीएच आहे, लांबी विड्थमधून द्यायची, ६४ बाइटपर्यंत छापतं, आणि विड्थ द्यायला विसरलात तर एकच बाइट येतो. बिटमॅपला %*पीबी आहे, यादी हवी असेल तर %*पीबीएल. स्वतःच्या लॉग फंक्शनमधे पुढे आणखी काही जोडून लिहायचं असेल तर कॅपिटल व्ही आहे, त्याला फॉरमॅट आणि व्हीए_लिस्ट एका छोट्या स्ट्रक्चरमधे घालून द्यायची, नेटवर्क डिव्हाइसचे लॉग असेच छापले जातात आणि मधला बफर लागतच नाही. आणि स्ट्रक्चरच छापायचं असेल तर दोन मॅक्रो पुरतात, एक फॉरमॅटचा "चॅनल[%यू:%एस]" असा, कंसाने बंद केलेला, आणि दुसरा आर्ग्युमेंटचा. टाइप जीसीसी तपासतं, व्हीएसप्रिंटएफ ला हात लागत नाही, ट्रेसमधेही चालतं आणि मॉड्यूल कुठल्याही कर्नलवर लोड होतं. अक्षर तेव्हाच घ्या जेव्हा तीच गोष्ट बऱ्याच सबसिस्टिममधून छापली जाते आणि तिची मांडणी बोलावणाऱ्याला माहीत नसावी असं वाटतं.

तरी ठेवायचंच असेल तर पॅच दर नव्या व्हर्जनवर बसवताना प्रिंटएफ_स्पेक ची व्याख्या उघडून बघा, तिची आतली मांडणी बदलत आलेली आहे आणि तिथले फील्ड हाताने भरले असतील तर तिथेच अडेल. पॉइंटर() च्या स्विचमधे तुमच्या अक्षराशेजारी नवीन कोण आलंय ते बघा, मग प्रिंटएफची टेस्ट चालवा, आणि मॉड्यूल लोड करण्याआधी युनेममधली बिल्डची वेळ बघून घ्या.